पुसून न पाहिलेली बोटं

मी शाळेत नर्स आहे, हे आमच्या आईला अजून नीट पटलेलं नाही. "आजारी पोरं घरी ऱ्हात्यात की. मग शाळंत तू करतीस काय?" असं ती विचारते. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यातून ती रोज तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. त्या वखारीच्या जिवावर मी बी.एस्सी. नर्सिंग झाले, घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे तिला मी कधी उलट उत्तर देत नाही. शिवाय तिचा प्रश्न बरोबर आहे. बेळगावात अनगोळच्या बाजूला आमची इंग्रजी शाळा आहे. तिथल्या माझ्या खोलीत येतात ते खरचटलेले गुडघे, गणिताच्या तासालाच दुखणारी पोटं आणि डबा न खाल्ल्यामुळं आलेल्या चकरा.

चार वर्षं एवढं शिकल्यावर माणसाला काहीतरी मोठं करून दाखवावंसं वाटतं. माझ्या वाट्याला मोठं म्हणून एकच काम होतं, महिन्याचा आरोग्य अहवाल. तो इंग्रजीत द्यावा लागतो. औषधांची नावं मी न चुकता लिहिते, पण दोन औषधांच्या मध्ये वाक्य घालायची वेळ आली की मला घाम फुटतो. म्हणून फोनमध्ये एआय घेतला तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. मी 'तीन मुलांना ताप' एवढं लिहायची आणि तो त्याचा असा परिच्छेद करून द्यायचा की वाचून मलाच त्या मुलांची काळजी वाटायची. मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा म्हणाल्या, "सिस्टर, इंग्रजी छान सुधारलंय तुमचं." मी खाली मान घालून 'थँक्यू मॅडम' म्हटलं. खरं सांगायचं धाडस तेव्हा नव्हतं.

मला कुणी सावध केलं नव्हतं असं नाही. शाळेनं एआयवर एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. मुलांची नावं आणि फोटो त्यात घालू नका, उत्तर शेवटपर्यंत वाचा, निर्णय माणसानं घ्यायचा, असं तिथं सांगितलं. मी पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घेतलं आणि 'निर्णय माणसानं' याच्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या. वही व्यवस्थित कव्हर घालून कपाटात ठेवली. आम्ही असंच शिकलो. उतरवून घेतलं की आलं.

मग श्रावणातल्या एका बुधवारी नववीतली एक मुलगी माझ्याकडं आली. खो-खोच्या सरावात तिचा गुडघा सोलवटला होता. शनिवारी खानापूरला सामने होते. मोठ्या स्पर्धेसाठी बारा जणींच्या यादीत तिचं पहिल्यांदाच नाव आलं होतं, त्यामुळं ती रक्त निघालेल्या गुडघ्यावरसुद्धा नाचत आली होती. मी डेटॉलनं जखम पुसत होते आणि तिनं आधारासाठी टेबलाची कड धरली होती. तेव्हा मला तिची बोटं दिसली. दोन्ही हातांची टोकं निळी होती, नखांच्या कडेनं तर गडद.

"हे काय गं?"

तिनं झटकन मुठी मिटल्या. "काय न्हाय मिस. ते कायम तसंच असतंय."

आता इथं कुठल्याही शहाण्या बाईनं कापसावर स्पिरिट घेऊन एक बोट पुसून पाहिलं असतं. स्पिरिट माझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर होतं. मी काय केलं? मी ऑक्सिमीटर लावला. तिच्या त्या निळ्या बोटालाच लावला. आकडा आला चौऱ्याऐंशी. नव्वदच्या खालचा आकडा मी शाळेत कधी पाहिला नव्हता. मी घाबरलेच, पण आतून कुठंतरी, कबूल करायला लाज वाटते, मला बरंही वाटलं. इतके दिवस पोटदुखीला ओवा देणाऱ्या बाईच्या हाती अखेर खरा रोग लागला होता.

मी फोन काढला. बोटांचा फोटो घेतला. तिचं नाव, वर्ग, तुकडी, वय, सगळं लिहिलं. बोटं निळी, ऑक्सिजन चौऱ्याऐंशी, आणि शेवटी 'पेशंट सांगते की कायम असंच असतं.' एआयचं उत्तर आलं. पहिली ओळ ठळक अक्षरात होती: हे तातडीचं असू शकतं. त्याखाली, फार दिवसांपासून असेल तर जन्मजात हृदयविकाराची शक्यता. स्क्रीनवर तेवढंच मावत होतं. मी तेवढ्याचा स्क्रीनशॉट काढला.

मग त्याच्याकडूनच अहवाल लिहून घेतला. त्या अहवालात 'शक्यता' हा शब्द तीनदा आला होता. त्यातले दोन मी काढून टाकले. मला वाटलं, इतकी शक्यता शक्यता करणारी नर्स अर्धवट शिकलेली वाटेल. राहिलेला एक तिसऱ्या ओळीत होता, तिथपर्यंत कोण वाचतंय! फोटोसकट, नावासकट अहवाल शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि मुलीच्या आईला फोन लावला.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. आमच्या शाळेत एक व्हीलचेअर आहे, तिचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा कुणी काढला नव्हता. तो मी फाडला. धडधाकट, नुकतीच मैदान गाजवून आलेली मुलगी मी त्या खुर्चीत बसवली आणि मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गांच्या समोरून मॅडमच्या ऑफिसपर्यंत ढकलत नेली. ती सारखी म्हणत होती, "मिस, मी चालते की. मिस, सगळी बघायलीत." मी म्हटलं, "बोलू नकोस, दम लागेल."

तासाभरात तिची आई विणकरांच्या वडगावहून रिक्षानं आली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, केसांत सुताचा भुगा. घरात दोन माग, दसऱ्याच्या साड्यांची घाई, आणि एक माग चालू ठेवून ती निघाली होती. दारातच तिनं विचारलं, "काय झालं माझ्या पोरीला?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी फोनवरचं वाचून दाखवायला सुरुवात केली. बाईंनी दोन वाक्यं ऐकली आणि विचारलं, "पर तुम्हांस्नी कळलं कशावरनं?"

"बोटं निळी आहेत ना तिची."

बाईंनी आपले दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. दहाच्या दहा बोटं निळी.

"मग मलाबी न्ह्या ओ दवाखान्यात. माझ्या जावंला न्ह्या. आमची गल्लीच भरती करा." ती मॅडमकडं वळली. "मागासाठी निळ्या सुताच्या कांड्या भरतीय ती सकाळी शाळंला यायच्या आधी. कच्चा रंग हाय, ह्या ओल्या हवंत हाताला लागतोय. चार दिवस जात न्हाय." आणि परत माझ्याकडं, "सिस्टर, गाव कंचं तुमचं?"

"निपाणीकडचं."

"व्हय? तुमच्याकडं तंबाखूनं हात पिवळं हुत्यात न्हवं? मग कावीळ झाली म्हणून न्हेता काय सगळ्या बायास्नी?"

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. आमच्या आईचे हात मी जन्मापासून पाहिलेत, तळवे पिवळे-तपकिरी, साबणानं न निघणारे. कॉलेजच्या होस्टेलवर राहायला गेले तेव्हा माझ्या कपड्यांना तंबाखूचा वास येतो असं कुणी म्हणू नये म्हणून मी ओढण्या दोन दोन वेळा धुवायची. मुठी झटकन का मिटतात, हे त्या शाळेत कुणाला कळायला हवं होतं तर ते मला. आणि मला काय कळलं, तर हृदयविकार.

ऑक्सिमीटर बाईंच्या बोटाला लावला. शहाऐंशी. मग मुलीचा बूट-मोजा काढून पायाच्या अंगठ्याला लावला. नव्याण्णव. जीभ पाहिली, गुलाबी. स्पिरिटचा बोळा फिरवला तर निळा झाला. हे सगळं करायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मला वाटलं, संपलं. माफी मागितली, आई-मुलगी घरी गेल्या. संध्याकाळी खो-खोच्या सरांना मी हसत हसत सांगायला गेले, तर ते हसले नाहीत. सर कन्नड बोलणारे, मराठीही चांगलं येतं, माणूस सरळ.

"नोड्री सिस्टर, हे बघा," ते म्हणाले, "मी तिचं नाव दुपारीच काढलं. हार्टचं म्हणून तुम्हीच लिहून दिलंय. उद्या मैदानावर काय झालं तर मला कोण सोडवणार?"

"पण सर, ते रंगाचं निघालं."

"तुम्ही तोंडानं सांगताय. काढताना कागद होता. घालताना पण कागद लागतो. डॉक्टरचं सर्टिफिकेट द्या शुक्रवार पाचपर्यंत, अकराची यादी परत बाराची करतो. नाही तर नाही."

म्हणजे अहवाल लिहायला मला चार मिनिटं लागली होती, आणि तो पुसायला हातात दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत त्या मुलीचं खानापूर अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच वडगावला गेले. गल्लीत शिरल्यावर मागांच्या खडखडाटात कुणाला काही विचारायची सोय नव्हती, पण विचारायची गरजही पडली नाही. मुलगी उंबऱ्यात तोंड फुगवून बसली होती आणि आत कोपऱ्यात केळ्यांच्या फण्या रचलेल्या होत्या. शाळेतल्या कुणीतरी माझा अहवाल पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. संध्याकाळपासून बायका भेटायला येत होत्या, येताना केळी, बिस्किटं आणत होत्या.

"काळजाला भोक हाय म्हणत्यात," आई माग न थांबवता म्हणाली. "एक म्हातारी रडून गेली. आता लगीन जमवताना हे भोक कोण बुजवायचं? तुम्ही?"

मी मुलीला म्हटलं, "चल, डॉक्टरांकडं जाऊ." ती म्हणाली, "खुर्चीत बसवणार न्हाय न्हवं?"

लहान मुलांच्या डॉक्टरांकडं तिच्या आईसकट आम्ही तिघी रांगेत दीड तास बसलो. डॉक्टरांनी छाती तपासली, ईसीजी काढला, जिना चढायला-उतरायला लावला. मग म्हणाले, "ठणठणीत आहे. हे कुणी सांगितलं?" मी फोन पुढं केला. वाटलं, आता ते एआयला नावं ठेवतील आणि माझं ओझं थोडं हलकं होईल. त्यांनी चष्मा वर केला, अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवली आणि वाचत राहिले. मी तिथपर्यंत कधी सरकवलीच नव्हती.

"सिस्टर, हे वाचलंत?"

ठळक ओळीच्या खाली, जे माझ्या स्क्रीनवर मावलं नव्हतं, तिथं लिहिलं होतं: मुलीला धाप, छातीत दुखणं असं काही नसेल, तर आधी ओठ आणि जीभ पाहा. बोटांना शाई, मेंदी, नेलपॉलिश किंवा कपड्याचा रंग लागलेला नाही ना, पुसून पाहा. रंगामुळं ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, पायाच्या बोटाला लावून पाहा. मी फोटोवरून निदान करू शकत नाही.

वडगावच्या सुताचं त्या बिचाऱ्या एआयला काही ठाऊक नव्हतं, तरी त्यानं विचारलं होतं. मला ठाऊक असायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं. सरांनी ते शुक्रवारी दुपारी फाईलला लावलं आणि मग म्हणाले, "पण ग्रुपवरचं काय? तिथं अजून हार्ट पेशंटच आहे ती. एखाद्या पालकानं उद्या मैदानावर तक्रार केली तर पंच तिला बाहेर बसवतील." बरोबर होतं. मी मॅडमकडं गेले. त्या म्हणाल्या, "एआयनं चुकीची माहिती दिली, असं टाका. सगळ्यांना पटेल." खरंच पटलं असतं. मी खुर्चीत बसले आणि सवयीनं एआयलाच दुरुस्तीचा मजकूर करायला सांगितला. नाव घातलं नाही, एवढी सुधारणा झाली होती. मजकूर नेहमीप्रमाणं सुंदर आला. 'तांत्रिक कारणांमुळं निर्माण झालेल्या गैरसमजाबद्दल शाळा दिलगीर आहे.'

तांत्रिक कारणं मीच सुचवली होती. तो मजकूर मी फोनवर मुलीच्या आईला वाचून दाखवला, कारण आता त्यांना विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही असं ठरवलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं. "चांगलं हाय. पर ह्यात चुकलं कोण, ते कुठं आलं?"

मी म्हटलं, "मग लिहिते, मुलगी कांड्या भरते, सुताचा रंग होता..."

फोन कुणीतरी ओढून घेतल्याचा आवाज आला. "मिस, कांड्याचं लिवू नका," मुलगी म्हणाली. "वर्गात कुणाला ठाऊक न्हाय."

हे मी आज लिहिते आहे ते तिला विचारून. आता ती कॉलेजात आहे आणि म्हणाली, "आता लिवा की मिस. नाव तेवढं नको." पण त्या शुक्रवारी मी तिला 'नाही लिहीत' म्हणून शब्द दिला. मग एआय बंद केला आणि मराठीत स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. मुलीच्या बोटांना रंग लागला होता. मी तो पुसून पाहिला नाही आणि एआयचं उत्तरही पूर्ण वाचलं नाही. डॉक्टरांनी तपासलंय, मुलगी ठणठणीत आहे आणि उद्या खेळणार आहे. तिचा फोटो आणि नाव न विचारता टाकलं, चूक माझी आहे, कृपया तो निरोप पुसून टाका.

मॅडमनी वाचलं. "सिस्टर, तुमचीच बदनामी होईल."

"मॅडम, ती तरी इंग्रजीत नाही ना," मी म्हटलं. त्या हसल्या, आणि पाठवा म्हणाल्या. लगेचच मी हेही सांगून टाकलं, की महिन्याचे अहवालही एआय लिहितो. त्या म्हणाल्या, "मला काय कळत नाही होय? तुमचे तीन ताप वाचून मी रुमाल शोधत होते." तेव्हापासून अहवालाखाली 'मजकुरासाठी एआयची मदत' असं लिहायचं ठरलंय, आणि त्यात मुलांची नावं जात नाहीत, फोटो तर नाहीतच. मी मात्र दुसऱ्या टोकाला गेले. पुढचा महिनाभर शिंक घेऊन आलेल्या पोरांचीही बोटं स्पिरिटनं पुसत होते. सातवीतल्या मुलांनी माझं नाव पुसणाऱ्या बाई असं ठेवलं. मॅडमच्या बोटांवरची शाईसुद्धा मी एकदा न विचारता पुसली.

त्या शनिवारी सकाळी शाळेच्या बसनं आम्ही खानापूरला गेलो, प्रथमोपचाराची पेटी माझ्या मांडीवर. बाराव्या नंबरला तिचं नाव होतं. एका आगाऊ पालकानं सरांना विचारलंच, "ती हार्टवाली हीच काय?" सरांनी सर्टिफिकेट काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हार्टवाल्या सिस्टर तिकडं बसल्यात." मी पेटीचं झाकण उघडून आत काहीतरी शोधत राहिले.

पहिल्या डावात तिला बाहेरच बसवून ठेवलं. दुसऱ्या डावात आमच्या पळणाऱ्यांची पहिली तुकडी लवकर बाद झाली आणि सरांनी हिला पाठवलं. मी उभी राहिले. तेवढ्यात समोरच्या शाळेची एक पोर खांबावर आदळून पडली. कपाळावर टेंगूळ, नाकातून रक्त. त्यांच्याकडं कुणी नर्स नव्हती. मी पेटी घेऊन धावले, तिला सावलीला नेलं, पुढं वाकवून नाक दाबून धरलं. नाव काय, वार कोणता, मळमळतंय का, सगळं विचारलं. डोळे पाहिले. तिच्या बाईंना म्हटलं, डॉक्टरांना दाखवाच, आणि त्यांच्याबरोबर तिला रिक्षात बसवून दिलं. माझ्यामागं आरडाओरडा, शिट्ट्या, टाळ्या चालू होत्या. मी मान वळवू शकले नाही.

परत आले तर डाव संपला होता आणि आम्ही दोन गुणांनी हरलो होतो. तिची आई कुंपणाशी उभी होती, सकाळच्या एस.टी.नं आली होती.

"बघितलंसा?" तिनं विचारलं.

"नाही ओ आक्का. तिकडं एका पोरीचं नाक..."

"बघितलं न्हाय?" तिनं कपाळावर हात मारला. "सिस्टर, तुम्ही बघायचं तवा कायबी बघत न्हाय बघा. या इकडं." तिनं मला हाताला धरून कुंपणाजवळ खेचलं आणि निळ्या बोटानं मैदानावरचे खांब दाखवत सांगायला सुरुवात केली, पोरगी कुठनं निघाली, कुठं गिरकी घेतली, ती उंच पोरगी मागं लागली तेव्हा कशी खाली बसून निसटली, आणि चार मिनिटं कुणाच्या हाताला लागली नाही. मी विचारलं, "चार मिनिटं?" ती म्हणाली, "चारच्या वर. मी मोजलंय." मग पहिल्यापासून परत सांगायला लागली, आणि मी ऐकत राहिले.